ओल्या खेळपट्टीवरचे रविवार : कांगा लीग आणि मुंबईचे क्लब

भारतातील क्रिकेटचा हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळा कडक होईपर्यंत आटोपतो, असा सर्वसाधारण नियम मानला, तर मुंबईत १९४८पासून खेळली जाणारी डॉ. एच. डी. कांगा क्रिकेट लीग, म्हणजे मैदानावरच्या बोलीतली नुसती ‘कांगा’, हा त्या नियमाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरतो. जुलै ते सप्टेंबर हे या स्पर्धेचे परंपरागत महिने, रविवार हा तिचा वार, आणि न झाकलेली, रात्रभराच्या पावसाने भिजलेली खेळपट्टी ही तिची ओळख. ज्या काळात कोकण किनाऱ्यावरची शेते लावणीने भरलेली असतात, त्याच काळात आझाद मैदानापासून शिवाजी पार्कापर्यंत आणि माटुंग्याच्या दडकर मैदानापासून कांदिवलीपर्यंत पांढऱ्या कपड्यांतले शेकडो हौशी खेळाडू चिखलात उतरतात. त्यांत शाळकरी मुले असतात, बँकेतले कारकून असतात, चाळिशी उलटलेले फिरकी गोलंदाज असतात, आणि एकेकाळी तर त्यांच्या बरोबरीने कसोटीपटूही असत. स्पर्धेचे प्रयोजन अनेकदा सांगितले गेले आहे. मात्र तिने प्रत्यक्षात जे साधले ते त्या प्रयोजनापेक्षा बरेच वेगळे होते.

ज्यांच्या नावाने ही लीग ओळखली जाते, ते डॉ. होरमसजी कांगा (१८८०-१९४५) पेशाने डॉक्टर आणि पारशी क्रिकेटच्या वैभवकाळातील फलंदाज. युरोपियन संघाविरुद्धच्या प्रेसिडेन्सी सामन्यात १९०५ साली त्यांनी काढलेल्या २३३ धावा हे त्या काळी भारतीय फलंदाजासाठी अपूर्व कर्तृत्व होते, आणि पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ साली इंग्लंडला गेलेल्या संघातही ते होते. पुढे ते बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या कारभारात शिरले. त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी सुरू झालेल्या लीगला त्यांचे नाव मिळाले, यात औचित्य होतेच. पण तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रेसिडेन्सी सामन्यांतून वाढत गेलेली, १९१२पासून चौरंगी आणि १९३७पासून पंचरंगी झालेली धर्माधिष्ठित स्पर्धा १९४५-४६च्या हंगामानंतर बंद पडली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशा संघांना पाठिंबा देण्याची सवय लागलेल्या शहराला आता गल्लीच्या, वसाहतीच्या आणि क्लबच्या नावाने भांडायला एक नवी जागा हवी होती. कांगा लीगने ती दिली. क्लबांची नावे अनेक ठिकाणी जुनीच, समाजवाचक राहिली. पारसी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना, कॅथलिक जिमखाना, दादर पारसी झोरोॲस्ट्रियन्स ही नावे आजही गुणतक्त्यात दिसतात. खेळणारे मात्र हळूहळू मिसळत गेले. सूर्यकुमार यादव पारसी जिमखान्याकडून क्लब क्रिकेट खेळतो याचे आज कोणाला नवल वाटत नाही. पंचरंगीच्या काळात ही कल्पनाही कोणी केली नसती.

लीग पावसाळ्यात का, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर इंग्लंड हे आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी पावसापासून पूर्णपणे झाकली जात नसे, आणि कोरड्या, टणक, फलंदाजाला अनुकूल अशा खेळपट्ट्यांवर वाढलेले भारतीय फलंदाज तिथल्या ओल्या खेळपट्टीवर कोसळत. मुंबईत ओलावा फुकट आणि मुबलक मिळत असल्याने, हाच पाऊस सरावाच्या कामी लावावा, असा हा व्यवहारी विचार होता.

ओली खेळपट्टी म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय कांगा लीग समजत नाही, म्हणून थोडे विषयांतर आवश्यक आहे. पूर्णपणे भिजलेली खेळपट्टी फलंदाजाला वाटते तितकी घातक नसते. चेंडू पडल्यावर मंदावतो किंवा सरपटत येतो, तो वळवायला गोलंदाजाला पकड मिळत नाही, चेंडू हातातून निसटतो आणि टॉवेलने पुसून पुसूनही जड होत जातो. खरा धोका सुरू होतो तो पाऊस थांबून ऊन पडल्यावर. वरचा थर सुकून कडक होऊ लागतो, खालची माती मात्र लोण्यासारखी मऊ राहते. चेंडू त्या पातळ कवचात घुसतो, मातीचा तुकडा उखडतो आणि कधी छातीपर्यंत उसळतो तर कधी घोट्याशी राहतो. एकाच षटकात, एकाच टप्प्यावर पडलेले दोन चेंडू दोन वेगळ्या उंचीने येतात. अशा वेळी अतिवेगवान गोलंदाजाचा फारसा उपयोग होत नाही, कारण धावत येताना त्याचा पायच घसरतो आणि धावपट्टीवर लाकडाचा भुसा टाकूनही तो सावरत नाही. लहान धावपट्टीवरून येणारा, चेंडूवरून बोटे कापल्यासारखी फिरवणारा मध्यमगती गोलंदाज किंवा थोडा वेगाने टाकणारा डावखुरा फिरकीपटू हाच अशा दिवसाचा राजा. यष्टींजवळ झेलासाठी चार-पाच क्षेत्ररक्षक उभे करायचे आणि टप्पा सोडायचा नाही, एवढीच त्याची योजना असते.

फलंदाजासाठी दुसरी अडचण मैदानाच्या गवताची. पावसाळ्यात बाहेरचे गवत घोट्याच्या वर वाढलेले असते आणि त्यात पाणी साचलेले असते, त्यामुळे इतर वेळी चौकार ठरणारा जमिनीलगतचा ड्राइव्ह पंधरा पावलांवर थबकतो. धावा हव्या असतील तर चेंडू हवेत मारावा लागतो. म्हणजे प्रशिक्षकाने वर्षभर ज्याची मनाई केली तोच फटका रविवारी मारावा लागतो, आणि तोही चेंडू उसळणार की बसणार हे ठाऊक नसताना. म्हणूनच कांगा लीगमधले अर्धशतक इतर ठिकाणच्या शतकाइतके मोलाचे, असा हिशेब मैदानावर रूढ आहे, आणि तो अतिशयोक्त नाही. संपूर्ण संघ पन्नास-साठ धावांत बाद होणे येथे बातमी ठरत नाही. सामना एका दिवसाचा, पण प्रत्येक संघाला दोन डावांची मुभा असलेला; पहिल्या डावातील आघाडीचे गुण मिळतात, आणि दोन्ही डाव संपवून निर्णायक विजय मिळवला तर अधिक. पहिला डाव अर्ध्या दिवसात उरकला की चाणाक्ष कर्णधार निर्णायक विजयाच्या मागे लागतो, डाव लवकर घोषित करतो, प्रसंगी पंचांना आभाळ दाखवतो. वेळ, ऊन आणि गुण यांचा हा हिशेब कर्णधारपदाची जी तालीम देतो, ती आजच्या षटकमर्यादित क्रिकेटमध्ये जवळजवळ नाहीशी झाली आहे.

इंग्लंडसाठीची ही तयारी कितपत फळाला आली, हे मात्र ठामपणे सांगणे अवघड आहे, आणि मुंबईत या बाबतीत पुराव्यापेक्षा श्रद्धाच अधिक आढळते. लीग सुरू होऊन चार वर्षे झाल्यावर, १९५२च्या इंग्लंड दौऱ्यात, मँचेस्टरला पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत संपले. त्याच दौऱ्यात लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना चार बळी गेले. त्या चौघांत दादर युनियनचे आधारस्तंभ माधव मंत्री होते आणि मुंबईचेच विजय मांजरेकर होते. लीड्सचे ते पतन पावसाने नव्हे तर फ्रेड ट्रूमनच्या वेगाने घडवले, हे खरे. आणि त्याच सामन्याच्या पहिल्या डावात विशीतल्या मांजरेकरांनी १३३ धावा काढल्या होत्या, हेही खरे. पुढे १९७४मध्ये मँचेस्टरच्या थंड, पावसाळी हवेत सुनील गावसकरांनी काढलेले शतक कांगा लीगच्या खात्यावर आवर्जून मांडले जाते, परंतु त्याच दौऱ्यात लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत बाद झाला, तेव्हा त्या संघाचे नेतृत्व शिवाजी पार्क जिमखान्यात घडलेल्या अजित वाडेकरांकडे होते आणि सलामीला गावसकरच होते. एका बाजूची उदाहरणे मोजायची तर दुसऱ्या बाजूचीही मोजली पाहिजेत. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कसोटी खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत रुळली आणि लीगचे घोषित प्रयोजनच संपले. तरीही लीग चालू राहिली, यावरून तिचा पाया वेगळ्याच ठिकाणी होता असे म्हणावे लागते.

तो पाया म्हणजे क्लब. लीगची प्रदीर्घ काळ रूढ असलेली रचना ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात गटांची आणि प्रत्येक गटात चौदा संघांची. प्रत्येक संघ आपल्या गटातील उरलेल्या तेरांशी एकेकदा खेळतो, म्हणजे एका गटात ९१ आणि सातही गटांत मिळून ६३७ सामने होतात. सगळे गट एकाच रविवारी उतरले तर ४९ सामने, ४९ खेळपट्ट्या, ९८ पंच आणि हजारावर खेळाडू लागतात. अर्थात हा कागदावरचा हिशेब. एखाद्या जुलै महिन्यात सलग तीन रविवार पाण्यात जातात आणि गुणतक्त्यात ‘सामना रद्द’ याच शब्दांची रांग लागते. गटाच्या तळाला राहिलेले संघ खालच्या गटात उतरतात, वरचे चढतात. ही चढउतर हाच लीगचा खरा ताण. ‘ए’ गटातील विजेतेपदाची बातमी होते, पण ‘एफ’ गटातून ‘जी’ गटात घसरू नये म्हणून शेवटच्या रविवारी ओल्या गवतात जीव तोडून धावणाऱ्या संघाची चिंता कोणत्याही विजेत्यापेक्षा कमी नसते. सोमवारच्या वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापून येणारे कांगाचे गुणफलक कित्येक दशके याच लोकांसाठी होते; तीन बळी घेतलेल्या विमा कंपनीतल्या लिपिकाला ऑफिसात दाखवायला तो एवढासा मजकूर पुरत असे.

या क्लबांकडे पाहिले की त्यांची आर्थिक विषमता आधी नजरेत भरते. एका टोकाला ब्रेबॉर्न स्टेडियमची मालकी असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मरीन ड्राइव्हच्या कडेला सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे असलेले जिमखाने. दुसऱ्या टोकाला एक तंबू, एक पेटी, दोन नेट आणि एक सचिव एवढीच मालमत्ता असलेले आझाद आणि क्रॉस मैदानावरचे क्लब. न्यू हिंद, कर्नाटक स्पोर्टिंग, नॅशनल, फोर्ट विजय, पार्कोफिन, जॉन ब्राइट ही नावे शहराबाहेर कोणाला ठाऊक नसतात. आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या इतक्या लगत आहेत की एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो, आणि नवख्याला कोणता चेंडू कोणत्या सामन्याचा हे कळत नाही. हा गोंधळ सांभाळणारा माणूस म्हणजे माळी. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, पावसात ताडपत्री ओढणे, भुसा टाकणे आणि तंबूत रात्री राखण करणे हे सगळे त्याचे काम, आणि मुंबई क्रिकेटच्या इतिहासात माळ्याच्या खोपीतून वर आलेल्या माणसांना वेगळे स्थान आहे. एकनाथ सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्यावर माळी होते आणि फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅटच्या तोंडाशी उभे राहून झेल घेणारा हा क्षेत्ररक्षक त्याच मैदानाच्या कडेला लहानाचा मोठा झाला. यशस्वी जयस्वालने आझाद मैदानावर मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत काढलेली वर्षे तर आता सर्वांना माहीत आहेत. दोघांमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे, तंबू आणि खोपी यांच्या व्यवस्थेत मात्र फारसा फरक पडलेला नाही. प्रतिभेचे कौतुक करताना या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते.

लीगच्या सुवर्णकाळाचा विषय दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. दादर युनियनचे नाव दादरचे, पण घर माटुंग्याचे दडकर मैदान. शिवाजी पार्क जिमखान्याचे घर नावातच. दोन्ही क्लब मध्य मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे, दोन्हींमधले अंतर पायी जाण्याएवढे, आणि वैर मात्र पिढ्यानपिढ्यांचे. दादर युनियनकडे माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. शिवाजी पार्ककडे अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील. मंत्रींच्या संघात वेळेआधी हजर राहणे, बूट पांढरेशुभ्र असणे आणि पंचाच्या निर्णयावर तोंड न उघडणे हे फलंदाजीइतकेच महत्त्वाचे मानले जाई. गावसकर हे त्यांचे भाचे, पण भाचेपणाने संघात जागा मिळत नसे. परांजपे यांचे कर्णधारपद याच्या उलट, गप्पिष्ट, चतुर आणि जुगार खेळणारे. गावसकरांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिले. शिवलकरांनी १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ बळी घेतले, प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळवले, तरी त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकीपटू असलेल्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्याने कसोटी खेळले नाहीत. ज्या गोलंदाजाला देशाच्या संघात जागा नव्हती त्याला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेले लोक रविवारी फुकट पाहू शकत होते, ही मुंबईकरांची श्रीमंती म्हणायची की निवड समितीचा करंटेपणा, यावर त्या कट्ट्यावरच अनेक दशके वाद झाले.

येथे लीगचे खरे कार्य स्पष्ट होते. आठवडाभर हे खेळाडू कचेऱ्यांत असत, कारण व्यावसायिक क्रिकेट अस्तित्वातच नव्हते. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, आणि कचेऱ्यांचे सामने टाइम्स शील्डमध्ये. रविवारी मात्र ते क्लबचे. त्यामुळे महाविद्यालयातला एखादा मुलगा ‘ए’ गटात कसोटी गोलंदाजाला सामोरा जाई, तोही अशा खेळपट्टीवर जिथे कीर्ती उपयोगी पडत नसे. आणि एखादा अनामिक मध्यमगती गोलंदाज भारताच्या सलामीवीराला बाद करून पुढची वीस वर्षे त्या एका बळीवर जगत असे. सचिन तेंडुलकर शाळकरी वयात प्रथम जॉन ब्राइट क्लबकडून कांगा खेळला, नंतर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून, आणि त्या क्लबने लहान मुलांना ड्रेसिंगरूममध्ये मज्जाव करणारा आपला नियम त्याच्यासाठी बदलला. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, तो काळ आणि कांगा लीगच्या भराचा काळ एकच आहे. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडताना सावध राहिले पाहिजे. तरीही वीस वर्षांचा मुलगा आणि पस्तिशीचा कसोटीपटू वर्षातून तीन महिने, दर रविवारी, एकाच चिखलात उभे राहण्याची सोय त्या काळी भारतातल्या दुसऱ्या कोणत्या शहरात इतक्या नियमाने होती, हे शोधूनही सापडणे कठीण.

ही सोय संपली ती पावसामुळे नव्हे. पूर्वी भारताचे आंतरराष्ट्रीय दौरे विरळ होते आणि बहुतेक पावसाळे मोकळे असत. आता देशाचा आघाडीचा खेळाडू वर्षभर बांधलेला असतो, उरलेल्या वेळात त्याला विश्रांती सक्तीची असते, आणि आयपीएलच्या करारातल्या बोटांना घसरड्या खेळपट्टीवर उसळणारा चेंडू परवडत नाही. शिवाय लीगचे वेळापत्रक अलीकडच्या काळात अनेकदा पावसाळ्याच्या उत्तरार्धाकडे किंवा त्याही पुढे सरकवले गेले, कारण पावसात खेळून खेळपट्ट्या इतक्या खराब होतात की मुख्य हंगामापर्यंत त्या सुधारत नाहीत, असा माळी आणि व्यवस्थापक दोघांचाही युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. पण कोरड्या खेळपट्टीवरची कांगा ही कांगा नव्हे, हा जुन्या खेळाडूंचा आक्षेपही केवळ आठवणींच्या हळवेपणातून आलेला नाही. पाऊस वगळला तर या लीगला इतर क्लब स्पर्धांहून निराळे असे काही उरत नाही.

क्लबांच्या अस्तित्वाला मात्र क्रिकेटबाहेरचेही एक कारण आहे, आणि ते नमूद केल्याशिवाय चित्र अपुरे राहील. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत मतदान करतात ते प्रामुख्याने हे मैदानी क्लब. तंबू आणि पेटी एवढीच मालमत्ता असलेल्या क्लबकडे वानखेडे स्टेडियमच्या कारभारात एक मत असते, आणि ते मत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मताइतकेच मोजले जाते. याच मतांनी २००१ साली शरद पवारांना अजित वाडेकरांविरुद्ध आणि २०११ साली विलासराव देशमुखांना दिलीप वेंगसरकरांविरुद्ध अध्यक्षपदी बसवले. कांगा लीगमध्ये शिवाजी पार्क आणि दादर युनियन यांच्या ज्या दोन नायकांसाठी लोकांनी कट्टे भरले, त्या दोघांनाही त्याच मैदानांच्या मतपेटीने नाकारले. क्लबच्या सचिवाला नायकापेक्षा मदत करू शकणारा माणूस हवा असतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याला दोष देणे सोपे असले तरी नेटसाठी जागा, पाण्याचा नळ आणि तंबूचा परवाना यांसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या माणसाचे गणित वेगळे असते.

दरम्यान शहरच मैदानांपासून दूर सरकले आहे. खेळाडूंची घरे गिरगाव, दादर आणि माटुंगा सोडून विरार, डोंबिवली, पालघरपर्यंत गेली. शार्दूल ठाकूर पालघरहून आणि पृथ्वी शॉ विरारहून किटबॅग घेऊन लोकलने येत, हे अपवाद राहिलेले नसून आता हीच रीत झाली आहे. कांदिवलीचा पय्याडे आणि वांद्र्याचा एमआयजी यांसारखे उपनगरी क्लब या बदलामुळेच ठळक झाले. बहुतेक खेळपट्ट्या मात्र आजही चर्चगेट आणि सीएसएमटीच्या आसपासच आहेत, आणि आझाद मैदानाचा एक भाग मेट्रो-३च्या कामासाठी काही वर्षे वेढला गेला तेव्हा त्यांतल्याही काही बंद होत्या. विरारच्या मुलाला दक्षिण मुंबईतला सकाळचा सामना गाठायचा असेल, तर पहाटेच्या गाड्यांपैकी एक पकडावी लागते, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर त्याआधीची.